तीस पॉइंट आणि चंदगडचा रस्ता

मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई



दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना आपण आम्हा डॉक्टरांकडे तीस क्रेडिट पॉइंट मागता. मागणी रास्त आहे. पदवी मिळाली की शिक्षण संपलं असं मानणाऱ्या डॉक्टरकडून कोणी आपलं मोडलेलं हाड जोडून घेऊ नये. माझं म्हणणं तिसाच्या आकड्याबद्दल नाही, ते तीस कुठं आणि कशासाठी मिळतात याबद्दल आहे.

आमच्या अस्थिरोग परिषदा आपण पाहिल्या असतीलच. रविवार, हॉटेलचा हॉल, बाहेर इम्प्लांट कंपन्यांचे स्टॉल, आत गुडघा बदलण्याच्या नव्या तंत्रावर भाषण, जेवणाआधी रोबो, जेवणानंतर पेंगुळलेली चर्चा. मलाही ती भाषणं आवडतात, काही फार उत्तम असतात. पण समोर बसलेले बहुतेक जण आधीच तज्ज्ञ असतात, आणि मोडलेल्या हाडाला पहिला हात त्यांचा लागत नाही. तो लागतो प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा, ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला असलेल्या तरुण डॉक्टरचा, गावातल्या फॅमिली डॉक्टरचा. त्याचा रविवार कुणी मागत नाही.

चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे, म्हणून तिथले पेशंट बेळगावला जातात. गगनबावडा, शाहूवाडीचे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात येतात. वाटेत जो वेळ जातो, त्यात हाडाचं बरंच काही ठरून गेलेलं असतं. झाडावरून पडून कोपराच्या वर हाड मोडलेलं मूल घ्या. घट्ट पक्कं प्लास्टर घालून त्याला घरी पाठवलं, रात्री ते कळवळून रडू लागलं आणि 'दुखणारच की' म्हणून गोळी दिली, तर सकाळपर्यंत हाताचे स्नायू मरू शकतात. फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकाने हे 1881 मध्ये लिहून ठेवलं. बोटं हळूच सरळ करताना मूल किंचाळलं, तर नाडी लागत असली तरी धोका आहे, हे कळायला एमआरआय लागत नाही. प्लास्टर आणि खालचा कापूस कातडीपर्यंत उभा कापायचा आणि पेशंट तातडीने पाठवायचा. सांगायला दहा मिनिटं पुरतात, पण हाताला सवय व्हायला कटर धरून एक दुपार घालवावी लागते.

म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याच्या हाडाचंही तसंच. 'वय झालंय, आता कशाला ऑपरेशन' असं घरचे म्हणतात आणि पहिला डॉक्टर मान डोलावतो. खरं तर दोन दिवसांत ऑपरेशन झालं तर छातीतला कफ, पाठीच्या जखमा आणि मृत्यूही टळू शकतो. पुढे हाडांच्या ठिसूळपणाचं औषध सुरू करायचं बहुधा राहून जातं, ही चूक आम्हा तज्ज्ञांचीच. जन्मतः वाकड्या पावलांच्या बाळाला पॉन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलून पाय सरळ करता येतो, पण नंतर चार-पाच वर्षं झोपताना पट्टीचे बूट घालावे लागतात. ते सुटले की पाय पुन्हा वळतो. बूट घालतात की नाही, हे पाहणारा डॉक्टर गावातच असतो.

आणि तालमी? निखळलेला खांदा कोल्हापूरकर आधी वस्तादाला दाखवतो. वस्तादांवर रागावून उपयोग नाही. खांद्याबरोबर हाडही मोडलेलं असू शकतं, त्यामुळे ओढण्याआधी एक्स-रे काढा, एवढं त्यांच्याशी बोलणारा डॉक्टर त्याच पेठेतला हवा.

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे सांगावंसं वाटतं. 1976 मध्ये जेम्स स्टायनर नावाचे अस्थिशल्यचिकित्सक स्वतःचं विमान चालवत असताना नेब्रास्कातल्या शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली. जवळच्या छोट्या रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून ते हादरले. पण डॉक्टरांना शिव्या देत बसले नाहीत. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी गावाकडच्या डॉक्टरांसाठी अपघातातल्या जखमींवरच्या उपचारांचा अभ्यासक्रम बांधला. 1978 मध्ये पहिला वर्ग नेब्रास्कातल्याच ऑबर्न या छोट्या गावात झाला. तोच आज एटीएलएस म्हणून जगभर शिकवला जातो.

तेव्हा आपल्याकडे मागणं एवढंच. तिसातले काही पॉइंट प्रत्यक्ष हाताने केलेल्या कामासाठी राखून ठेवा: स्लॅब घालणं, प्लास्टर कापणं, उघड्या जखमेचं हाड धुऊन तासाभरात अँटिबायोटिक देणं. असे वर्ग तालुक्याच्या रुग्णालयात घेणाऱ्यांना आणि तिथे शिकवणाऱ्यांना हॉटेलातल्या भाषणापेक्षा जास्त गुण द्या. भाषा मराठी असू द्या. आयुर्वेदाचे डॉक्टर आपल्या यादीत येत नाहीत हे ठाऊक आहे, त्यांची परिषद वेगळी. पण रात्री दार वाजतं ते अनेकदा त्यांचंच, म्हणून मागच्या रांगेत त्यांना बसू द्यावं. आणि कंपनीच्या पैशाने झालेल्या कार्यक्रमाला मान्यता देताना विषय कोणी ठरवला, हेही विचारत जा.

गळिताचा हंगाम सुरू झाला की रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर येतात, मागे लाल दिवाही नसतो, आणि आमच्याकडे पायाची, मांडीची हाडं येऊ लागतात. त्याआधी पहिला वर्ग गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात लावायची आमच्यापैकी काहींची तयारी आहे. प्लास्टर आणि कटर आम्ही आणतो. आपण फक्त मान्यता द्या आणि निरीक्षक पाठवा. राहायची सोय साधी असेल, त्यांना तेवढं आधी सांगून ठेवा.

आपला,
कोल्हापुरातील एक अस्थिशल्यचिकित्सक