ठाण्याच्या शेपटीची डीडीटी
लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून खेळायला हा खेळ उत्तम: स्टेशनच्या नावातली सगळी रोमन अक्षरं असलेला लांबलचक इंग्रजी शब्द शोधायचा. ठाणे सोपं. ‘एलिफंट’मध्ये त्याची पाचही अक्षरं विखुरलेली आहेत, ‘पॉलियुरेथेन’मध्ये तर सलग, आणि डीडीटीच्या 31 अक्षरी रासायनिक नावाचा शेवटही ठाण्यानेच होतो. कल्याण चिवट. तिथे आधी अडचणीची अक्षरं धरावीत: ‘एल-वाय’ शेवटी बसवले की क्रियाविशेषणाची वाट मोकळी होते, मग ‘के’ची सोय बघायची. ‘अनमिस्टेकेबली’ चपखल बसतो. ‘अनरिमार्केबली’ही बसतो, पण तो कल्याणकरांना सांगू नये. डोंबिवलीला मात्र एक ‘व्ही’ आणि दोन ‘आय’ नडतात. मला अजून जमलेलं नाही. कुणाला सापडला तर कळवा.