भिंत पाडली तेव्हा वेशी राखल्या, मग ही वेस का पाडायची?

कुवेतमधल्या तमाम मराठी बंधू-भगिनींनो,

फर्वानियाच्या दक्षिणेला विमानतळाचे नवे टर्मिनल उभे राहते आहे. आराखडा नॉर्मन फॉस्टर यांच्या कचेरीचा, बांधकाम तुर्कस्तानच्या लिमाक कंपनीचे. तीन पंखांची इमारत, एकेक बाजू १.२ किलोमीटरची, सुरुवातीलाच वर्षाला अडीच कोटी प्रवाशांची सोय. व्हावे, जरूर व्हावे. जुन्या टर्मिनलच्या रांगांत आपण सगळेच ताटकळलो आहोत. नव्याला नाके मुरडायचे आम्हाला कारण नाही.

आमचा सवाल जुन्याचा आहे. १९७९ साली उघडलेल्या टर्मिनल एकचे पुढे काय? मेसमध्ये, टॅक्सीत, जिथे विषय निघेल तिथे ठरलेले उत्तर मिळते : ‘पाडतील, नाहीतर गोदाम करतील. आपल्याला काय त्याचे?’

या ‘आपल्याला काय’ला उत्तर द्यायला हे पत्रक काढले आहे.

आपला संबंध आजचा नाही

१९३२ साली इम्पीरियल एअरवेजने लंडन-कराची हवाई मार्ग इराणचा किनारा सोडून अरबी किनाऱ्यावर आणला. बसऱ्याहून बहारीन, शारजाकडे जाणाऱ्या या वाटेवर कुवेतही आले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. कुवेतचा वाळूतला तळ आणि आपली जुहूची धावपट्टी अशी एका टपालवाटेवर आली.

१९४६ मध्ये कुवेतचे तेल पहिल्यांदा जहाजावर चढले आणि पुढच्याच वर्षी नुगरा भागात विमानतळ सुरू झाला. १९५४ मध्ये कुवेतच्या स्वतःच्या विमान कंपनीने डाकोटा विमाने उडवायला सुरुवात केली. १९६१ मध्ये दिनार येईपर्यंत इथल्या बाजारात रुपयाच चालत होता. पुढे नुगऱ्याची धावपट्टी बंद झाली आणि तिच्यावर वस्ती चढली. आज तिथल्या रस्त्यावर उभे राहून ‘इथे विमानतळ कुठे होता?’ असे विचारून पाहा.

टर्मिनल एकचा नुगरा होऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ही इमारत साधी नव्हे

तिचे रचनाकार केन्झो टांगे. हिरोशिमाचे शांतिस्मारक त्यांचे, टोकियो ऑलिंपिकचे १९६४ चे क्रीडागृह त्यांचेच. वरून पाहिली तर ही इमारत पंख पसरलेल्या विमानासारखी दिसते. ती उघडली त्याच वर्षी कुवेत टॉवर्स उघडले. टॉवर्सची डागडुजी होते, नोटांवर-तिकिटांवर त्यांची चित्रे येतात. त्यांचे जुळे भावंड मात्र ‘जुने झाले’ म्हणून बेदखल.

आणि तिने सोसले किती! २ ऑगस्ट १९९० च्या पहाटे इराकी फौजा शहरात घुसत असताना ब्रिटिश एअरवेजचे १४९ क्रमांकाचे विमान इथे उतरले. ते पुढे मद्रासला जायचे होते. साडेतीनशेहून अधिक प्रवासी अडकले आणि विमानाची पुढे विमानतळावरच राख झाली. कुवेत एअरवेजची विमाने इराकने पळवली, तो दावा लंडनच्या कोर्टात वर्षानुवर्षे चालला. फेब्रुवारी १९९१ च्या अखेरीस खुद्द विमानतळावर लढाई झाली.

दीड लाखाहून अधिक भारतीय तेव्हा कुवेतमध्ये होते. विमानतळ बंद, म्हणून ते बसऱ्या-बगदादमार्गे बसने जॉर्डनला गेले. वाळवंटातल्या छावण्यांत थांबले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्यांनी घरी पोहोचले. त्या बसमधले कितीतरी जण कुवेत सुटल्यावर याच इमारतीतून पुन्हा आत आले.

तिथे उतरणारा आपला माणूस आठवा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत व्हिसाचा कागद, दारात कंपनीचा मंदूब, म्हणजे प्रतिनिधी, नावाची पाटी धरून उभा, आणि पासपोर्ट आपल्या हातातून त्याच्या हातात गेला तोही इथेच. दोन-तीन वर्षांनी हाच माणूस सुट्टीवर निघतो. निळ्या नायलॉनच्या दोरीने करकचून बांधलेले खोके, त्यावर मार्करने नाव, गाव, तालुका, जिल्हा. आत निडो दूध पावडरचे डबे, टँग आणि एक जाड ब्लँकेट. काट्यावर दोन किलो जास्त भरले की खोके उघडायचे, आणि मागे रांग बघत राहायची.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला : ‘परदेशी माणसाने बोलू नये.’ निर्णय कुवेतचा, हे आम्हाला पुरते मान्य आहे. पण या देशाच्या लोकसंख्येत पाचातला एक माणूस भारतीय आहे. विनंती करायला नागरिकत्व लागत नाही.

दुसरा : ‘खर्च कोण करणार?’ त्याच जुन्या टपालवाटेवरचा शारजाचा तळ १९३२ चा. १९७७ मध्ये तो बंद झाला. शारजाने तिथे महत्ता संग्रहालय केले. न्यूयॉर्कच्या विमानतळावर वास्तुकार सारिनेन यांचे १९६२ चे टर्मिनल २००१ मध्ये बंद पडले, २०१९ मध्ये त्याचे हॉटेल झाले आणि ते कमावते आहे. अख्खी इमारत जपा असा आमचा हट्ट नाही. मधला मोठा कक्ष राहू द्या, बाकीचे खुशाल वापरात आणा.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा : ‘त्या रांगांत आमच्या वाट्याला अपमानच आले. जपायचे ते काय?’ तेच जपायचे! एजंटाने दाखवलेला पगार आणि हातात पडलेला पगार यांतला फरक जपायचा. १२ जून २०२४ ला मंगाफमधल्या कामगारांच्या इमारतीला लागलेल्या आगीत ४५ भारतीय कामगार गेले आणि वायुसेनेच्या विमानाने त्यांच्या शवपेट्या कोचीला गेल्या, तेही जपायचे. नुसते गोड-गोड संग्रहालय आम्हालाही नको.

आणि हे कुवेतच्या रीतीबाहेरचे मुळीच नाही. १९२० साली बांधलेली शहराची तटबंदी १९५७ मध्ये पाडली गेली, शहर वाढवायचे होते. पण कुवेतने तिच्या वेशी राखल्या. आजही त्या रहदारीच्या मधोमध उभ्या आहेत. तट गेला तरी गावात शिरण्याची जागा माणसाने विसरू नये, ही समज या देशाला तेव्हा होती. तटाच्या वेशीतून उंट आणि व्यापारी आले. टर्मिनल एकमधून आजचे कुवेत बांधणारे हात आले.

आमच्या मागण्या

१. टांगे यांच्या टर्मिनलचा मधला कक्ष पाडू नये.

२. त्याच्या एका भागात कुवेतला कामासाठी आलेल्या सर्व देशांच्या माणसांचे संग्रहालय करावे. अरबी आणि इंग्रजीबरोबर त्यांच्या भाषांनाही तिथे जागा असावी.

३. नुगऱ्यात जुन्या विमानतळाच्या जागी निदान एक फलक लावावा.

४. ही मागणी आपल्याकडेच : घरातल्या ट्रंका उघडा. १९९० च्या बसप्रवासाची चिठ्ठी, अम्मानचा बोर्डिंग पास, पहिला अकामा (राहण्याचा परवाना), गावाहून आलेली आवाजाची कॅसेट, विमानतळाच्या काचेपाशी काढलेला फोटो, जे असेल ते रद्दीत घालू नका. मागे तारीख, गाव आणि नाव लिहून ठेवा. आई-वडिलांकडून ऐकलेले मोबाइलवर रेकॉर्ड करा. तो प्रवास केलेली पिढी थकत चालली आहे.

पहिल्या तीन मागण्यांचा निर्णय कुवेतच्या हातात आहे. चौथी आज रात्रीपासून पाळता येते आणि तिला कोणाची परवानगी लागत नाही. उद्या इमारत वाचली आणि आत मांडायला आपल्याकडे कागदाचा एक कपटाही निघाला नाही, तर त्याचा दोष कुवेत सरकारच्या माथी मारता येणार नाही.

आपले नम्र,
कुवेतमधील काही मराठी रहिवासी