संसाराचा जमाखर्च : खरे बोलणारी जोडी

दिवाळी अंकासाठी संपादकांनी या सदराला नेहमीप्रमाणे पान जास्त दिले आहे आणि नेहमीप्रमाणेच ‘यंदा काहीतरी खरेदीचे लिहा’ अशी सूचनाही केली आहे. आज जी वस्तू घेणार आहोत, ती आपल्यापैकी निम्म्या वाचकांनी पाहिलीही नसेल. पण ज्या घरात कोणी गाते, पेटी वाजवते, नातवंडांसाठी गोष्टी मुद्रित करून ठेवते, त्या घरात तिचा प्रश्न आज ना उद्या निघणारच. आमच्याकडे तो गेल्या वर्षी पाडव्याच्या तोंडावर निघाला.

आमच्या सौभाग्यवतीच्या माहेरून आलेल्या सामानात एक तानपुरा होता. लग्नानंतर दोन वर्षे तो वाजला. पुढे थोरल्याच्या पाळण्याला जागा हवी म्हणून तो माळ्यावर गेला आणि तीस वर्षे गवसणीतच राहिला. त्यावरून घरात कधी भांडण झाले नाही. झाले असते तर बरे, असे आता वाटते.

गेल्या वर्षी ती शाळेतून निवृत्त झाली आणि तानपुरा खाली उतरला. आमचा भाचा एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचे काम करतो. तो एक मायक्रोफोन आणि तो संगणकाला जोडायची लहानशी पेटी घेऊन आला, मामीला दोन कळा दाबायला शिकवल्या आणि निघून गेला. तिने एक भजन मुद्रित केले. बैठकीच्या खोलीतल्या संगीत-संचावर आम्ही ते लावले, तो तानपुरा असा घुमू लागला की आवाज त्यात बुडाला. तेव्हा तिने संगणकावरची खालच्या स्वरांची पट्टी चांगली खाली ओढली. घुमणे थांबले. “कसं वाटतंय?” तिने विचारले. मी वर्तमानपत्रातून मान वर काढून म्हणालो, “छान!”

भजन नागपूरला मेहुणीकडे गेले. संध्याकाळी तिचा फोन आला. “ताई, आवाज फार कोरडा येतोय गं. आणि तानपुरा तर ऐकूच येत नाही.” मुलाच्या मोटारीत लावून पाहिले, तिथेही तेच. सौभाग्यवतीने शांतपणे गवसणी शोधली. “वय झालं. आवाज गेला,” एवढेच म्हणाली.

भाच्याने हे ऐकले मात्र, तो तडक घरी आला. “मामी, आवाज कुठेही गेलेला नाही. तुम्ही ज्यावर ऐकलंत, तो संच खोटं बोलला!”

आता हे खोटे बोलणे कसे, ते सांगतो. दिवाणखान्यातले बरेचसे संच गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी केलेले असतात. खालचे स्वर थोडे फुगवलेले, वरचे थोडे चमकवलेले, म्हणजे आमटीत गूळ जास्त आणि वर फोडणीचा चर्रकन आवाज. ऐकायला बहार येते, त्यात गैर काही नाही. पण मुद्रण करणाराच त्यावर विसंबला, तर फसतो. संचाने फुगवलेला खर्ज तो गाण्यातला समजून कमी करतो, आणि तेच गाणे दुसरीकडे वाजले की तिथे खर्ज नसतोच. आमच्या भजनाचे हेच झाले होते. पट्टी ओढताना तानपुऱ्याबरोबर हिच्या आवाजातला भरीवपणाही गेला होता.

म्हणून स्टुडिओत वेगळे स्पीकर लागतात. त्यांना ‘मॉनिटर’ म्हणतात. आपल्या वर्गात मॉनिटर असे, कोणी खोडी काढली ते मास्तरांना जसेच्या तसे सांगणारा, मुलांत फारसा न आवडणारा. हाही त्याच जातीचा. यामाहा कंपनीने १९७८ साली एनएस-१० नावाचा पांढऱ्या पडद्याचा एक स्पीकर घरगुती ऐकण्यासाठी काढला. घरात तो कोणाला फारसा गोड लागला नाही. पण मुद्रण करणाऱ्यांनी त्याला उचलून धरले. त्यांचे म्हणणे असे, की ज्यावर दोष लपत नाहीत त्यावर गाणे बरे वाजले, तर ते कुठेही बरे वाजेल. त्याचे वरचे स्वर इतके टोचत, की काही जण त्या बाजूवर पातळ टिश्यू कागद चिकटवून काम करीत. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले, तरी जुन्या जोड्या स्टुडिओंतून टिकून राहिल्या.

मामा-भाचे मग लॅमिंग्टन रोडवर गेलो. तिथे जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट आकाराची. दुकानात डोळे आठ इंचीवर जातात. भाच्याने विचारले, “मामी गाते कुठल्या पट्टीत?” काळी चार. म्हणजे तिचा षड्ज सेकंदाला सुमारे २०८ कंपनांचा आणि तानपुऱ्याचा खर्ज त्याच्या निम्मा, १०४ चा. चांगला पाच इंची स्पीकर साठ-सत्तरपर्यंत बिनतक्रार उतरतो. मग गळा, तानपुरा आणि पेटी यांच्यासाठी आठ इंची घेऊन काय करायचे? लहान खोलीत मोठा स्पीकर म्हणजे दोन माणसांच्या घरात लग्नाचे पातेले. डग्गा किंवा ढोल मुद्रित करायचा असेल, तर गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट भावाची. हल्लीचे बहुतेक मॉनिटर अंगच्या अॅम्प्लिफायरसकट येतात, तो वेगळा घ्यावा लागत नाही. आम्ही चौकशी केली तेव्हा साडेतीन इंची लहान जोडी दहा-बारा हजारांच्या आसपास होती. पाच इंची जोड्या, उदाहरणार्थ यामाहाचा एचएस-५ किंवा जेबीएलचा ३०५पी, वीस ते पस्तीस हजारांच्या दरम्यान. इथे एक खाचखळगा आहे. काही स्पीकर जोडीने विकतात, काही एकेकटे. सांगितलेला भाव एकाचा की दोघांचा, हे आधी विचारावे. मी विचारले नव्हते, म्हणून पाच मिनिटे फार आनंदात होतो.

तिसरी गोष्ट पारख करण्याची. दुकानदार त्याचे आवडते सिनेसंगीत मोठ्याने लावतो. दोन स्पीकरांतला जो किंचित मोठा वाजतो, तोच कानाला सरस वाटतो, ही कानाची जुनी खोड आहे. तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा, साध्या बोलण्याइतका, आणि आपले माहितीचे मुद्रण बरोबर न्यावे. शब्दातला ‘स’ टोचतो का, श्वास ऐकू येतो का, तानपुरा आणि गळा निरनिराळे कळतात का, एवढे पाहावे. जो सर्वांत गोड वाजतो तो घेऊ नये; ज्यावर आपल्या चुका कळतात तो घ्यावा. लग्न जमवतानाही हाच नियम असता, तर आम्हा कित्येकांना मुली मिळाल्या नसत्या.

आम्ही पाच इंची जोडी घेतली आणि पाडव्याला ओवाळणीच्या ताटात, मावेना म्हणून, ताटाशेजारी ठेवली. साडीऐवजी दोन काळी खोकी पाहून सौभाग्यवतीने भाच्याकडे पाहिले, माझ्याकडे नाही.

जोडी लावली आणि काय सांगावे, तानपुरा पुन्हा घुमला! माझ्या पोटात गोळा आला. भाचा हसला. “मामा, आता खोली खोटं बोलतेय.” त्याने शिवणाची टेप मागवली. तिचे एक टोक हिने धरले, दुसरे मी. खोली अकरा फूट लांब. न्हाणीघरात गाताना एखादा स्वर आपोआप घुमतो, तसे प्रत्येक खोलीचे काही लाडके स्वर असतात, आणि ते भिंतींमधल्या अंतरावरून ठरतात. अकरा फुटांच्या खोलीचे पहिले दोन लाडके स्वर ५१ आणि १०२ कंपनांचे. आणि आमचा खर्ज १०४ चा! शिवाय आम्ही बसत होतो खोलीच्या मधोमध, जिथे तो १०२ चा स्वर सर्वांत फुगतो. स्पीकरही कोपऱ्यांत कोंबलेले होते. कोपऱ्यात खालचे स्वर आणखी चढतात.

मग मांडणी बदलली, आणि तिला पैसा लागला नाही. स्पीकर कोपऱ्यांतून काढून समोरच्या भिंतीपासून फूटभर पुढे, एकमेकांपासून तीन फुटांवर ठेवले. ऐकणाऱ्याची खुर्ची दोघांपासून तेवढ्याच अंतरावर, म्हणजे तिघांचा समभुज त्रिकोण झाला. खुर्ची मधोमध न ठेवता समोरच्या भिंतीपासून सुमारे सव्वाचार फुटांवर आणली. वरचे स्वर काढणारा लहान पडदा कानाच्या उंचीला यावा म्हणून खाली जुने शब्दकोश दिले. दोन कोपऱ्यांत गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्या. पातळ पडद्याने खालचे स्वर थांबत नाहीत, त्यांना जाडी लागते. भिंतीजवळ ठेवल्यास खालचे स्वर उतरवायची एक कळ अशा बऱ्याच स्पीकरांच्या पाठीवर असते, तीही लावली. मुद्रण चालू असताना मात्र स्पीकर बंद ठेवून कानावर हेडफोन घ्यावेत, नाहीतर मायक्रोफोन स्पीकरचाच आवाज पुन्हा टिपतो. ज्यांना एवढा खर्च नको, त्यांनी एक साधा, खर्ज न फुगवणारा हेडफोन घ्यावा आणि तयार गाणे फोनवर, मोटारीत, शेजाऱ्यांच्या घरी ऐकून पाहावे. तेही निम्मे काम करते.

भाच्याने आता ते पहिलेच भजन लावले, पट्टी ओढण्यापूर्वीचे. तानपुरा शांतपणे मागे उभा राहिला आणि त्याच्यापुढे हिचा आवाज आला. थोडा वयाने जड झालेला, पण भरीव आणि सबंध. मागे फ्रिजची गुणगुण होती, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी होती, कडव्यांच्या मधले श्वास होते. ती पुढे झुकून ऐकत होती. अंतऱ्यात तार षड्जावर आवाज थांबला, आणि ती म्हणाली, “थांब. इथे उतरलाय.” पुन्हा लावले. मलाही कळले. अगदी सुताभर, पण स्वर खाली होता.

मला वाटले, हिला वाईट वाटेल. तर तिचा चेहरा उजळलेला. “आवाज गेला असता तर इलाज नव्हता. स्वर उतरतोय, तो रियाजाने चढेल.” मग माझ्याकडे वळली. “तुम्ही मात्र तेव्हाही ‘छान’च म्हणालात, हो ना? लग्नानंतरही रोज ‘छान’च म्हणत होतात.”

“अगं, मला खरंच—”

“पाळण्याला जागा नव्हती म्हणून नाही हो गेला तानपुरा माळ्यावर. ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून गेला.”

तिने हे रागाने म्हटले नाही. किराण्याची यादी वाचावी तसे म्हटले. भाच्याने उगीचच एक वायर तपासायला घेतली. मी तीस वर्षे या घरातला दिवाणखान्याचा संच होतो, हे मला त्या खुर्चीत बसून कळले.

या गोष्टीला वर्ष झाले. रोज सकाळी सहाला फ्रिज बंद करणे माझ्याकडे आहे. नंतर मुद्रण लागते, तेव्हा त्या खुर्चीत मी बसतो, वर्तमानपत्राशिवाय. पहिले तीन महिने मला काहीच सांगता येत नव्हते. गेल्या आठवड्यात मी भीतभीत म्हणालो, “दुसऱ्या ओळीत जरा घाई झाली का?” ती काही बोलली नाही. तानपुरा पुन्हा लावून घेतला आणि ती ओळ पहिल्यापासून म्हटली.

यंदाच्या पाडव्याला काय हवे, असे विचारले, तर म्हणाली, “काही आणू नका. बसा फक्त.”

प्रथेप्रमाणे शेवटी हिशेब. खर्च : पाच इंची स्पीकर, एक जोडी, वायरी दोन, शब्दकोश व गाद्या, घरच्याच. जमेची बाजू यंदा कोरी ठेवतो आहे. तिथे काय लिहायचे, ते तिलाच विचारीन. आणि ती सांगेल ते ऐकून घेईन.