ही बचत कोणाच्या खर्चाने?

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर उतरणाऱ्या गर्दीत रुग्णाला आधार देत चालणारी माणसे नेहमीच दिसतात. भोर, सातारा, फलटणकडून आलेल्या या माणसांना पुढे ससून गाठावयाचे असते. खाजगी रुग्णालयाची पायरी चढण्याची ऐपत नसलेल्यांचा तोच अखेरचा आधार. अशा रुग्णालयात खाट मिळेल काय, या प्रश्नाइतकाच त्या खाटेपाशी परिचारिका आणि कक्षसेवक असेल काय, हा प्रश्न मोलाचा आहे.

सरकारी रुग्णालयांतील नोकरकपात गिरणीप्रमाणे फाटकावर नोटीस लावून होत नाही. माणूस निवृत्त होतो, त्याची जागा रिकामी राहते आणि काम कंत्राटदाराच्या हाती जाते. 'तिजोरीत पैसा नाही' हे त्याचे ठरलेले समर्थन. मे २०२२ मध्ये राज्यातील परिचारिकांनी संप केला, तो कंत्राटी भरतीविरुद्धच. तरीही ६ सप्टेंबर २०२३ रोजी शासनाने नऊ खाजगी संस्थांमार्फत नोकरभरतीचा निर्णय काढला. लोकक्षोभ उसळताच ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला.

त्याच ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याचे उघड झाले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. रुग्णालयाने मनुष्यबळाच्या तुटवड्याकडे बोट दाखविले. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराने मात्र अधिष्ठात्यांकडून स्वच्छतागृह साफ करवून घेतले. सफाईस पुरेशी माणसे आहेत काय, हा प्रश्न त्यांनी मंत्रालयात विचारावयास हवा होता.

माणूस कमी केला म्हणून काम कमी होत नाही. ते उरलेल्या परिचारिकेवर पडते, तुटपुंज्या वेतनावरील कंत्राटी कामगारावर पडते आणि शेवटी स्ट्रेचर ढकलणाऱ्या नातेवाइकावर पडते. त्याची बुडालेली मजुरी अंदाजपत्रकात दिसत नाही, एवढ्यासाठीच तिला बचत म्हणावयाचे! आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते. ते पाळले गेले नाही. तेव्हा ही टंचाई दैवी नव्हे, राज्यकर्त्यांनी निवडलेली आहे.

ती निवड बदलता येते. मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले, ते संघटनेच्या चिवट लढ्यामुळेच. रुग्णालयांतील लढा मात्र कामगारांनी एकट्याने लढून भागणार नाही. मंजूर जागा भरा, बारमाही कामाला कायम कामगार नेमा, ही मागणी स्वारगेटला उतरणाऱ्या शेतमजुराचीही आहे. हे त्याला पटवून देणे आणि त्याला कक्षसेवकाच्या शेजारी उभे करणे, हेच कार्यकर्त्यांचे आजचे काम होय.