वारशाच्या खांबावर कोण?

जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउसेन भागात, पोर्शे मोटारींच्या कारखान्याजवळच्या चौकात, २०१५ सालापासून एक शिल्प उभे आहे. पोलादाचे तीन पांढरे खांब निरनिराळ्या दिशांना झुकत २४ मीटरपर्यंत चढले आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाशी ‘९११’ ही गाडी आहे. तीन गाड्या, तीन पिढ्यांच्या.

मोटारींतले मला फारसे कळत नाही. घराण्यातले थोडे कळते. ही गाडी १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात प्रथम आली. तिचा आकार संस्थापक फेर्डिनांड पोर्शे यांच्या नातवाने बेतला होता. इंजिन मागे आणि छप्पर उतरत शेपटीला मिळणारे, ही तिची चाल आजही मोडलेली नाही. १९९७ साली हवेने थंड होणारे इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे आले, तेव्हा जुने रसिक हळहळले. बंदिश तीच ठेवून गायकी बदलली की आमच्याकडेही असेच होते. तेव्हा या तीन खांबांत एका घराण्याची वंशावळ दिसते, असे म्हणायला माझी हरकत नाही.

परंतु वंशावळ लिहिताना कोणाचे नाव गाळले, हेही पाहावे लागते. १९३१ साली ही पेढी निघाली तेव्हा तिच्या तीन भागीदारांत आडोल्फ रोझेनबेर्गर हा शर्यतपटू होता. त्याने पैसाही घातला होता. तो ज्यू होता. १९३५ साली त्याचा हिस्सा नाममात्र किमतीत काढून घेण्यात आला आणि त्याच वर्षी त्याला काही काळ छळछावणीत डांबले गेले. पुढे तो अमेरिकेत गेला, तेथे नावही बदलले आणि १९६७ साली वारला. अलीकडे त्याचे नाव पुन्हा उच्चारले जाऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट.

योगायोग असा की, हे शिल्प घडवणारे गेरी जूडा १९५१ साली आपल्या कलकत्त्यात एका बगदादी ज्यू कुटुंबात जन्मले. लंडनच्या युद्धसंग्रहालयासाठी आउश्विट्झच्या छावणीची मोठी प्रतिकृती त्यांनीच घडवली. एकाच हाताने गौरवही घडवला आणि शोकही.

हे परक्यांचे उणे काढण्यासाठी सांगत नाही. माझे वडील राजवाड्यावर गात, म्हणून दरबारी वारशाचे कौतुक मलाही आहे. पण १८८० साली सयाजीराव महाराजांच्या विवाहात तंजावरहून ज्या नर्तकी आंदण म्हणून बडोद्यात आल्या, त्यांची नावे आपल्यापैकी किती घरांत ठाऊक आहेत? फैयाजखाँसाहेबांचे नाव आपण कान पकडून घेतो. त्यांच्यामागे बसलेल्या सारंगियांची नावे कोण घेतो? आपल्या काळ्या घोड्यावर महाराज बसले आहेत, तरी चौकाला नाव घोड्याचेच पडले. लोकांचे लक्ष झळकणाऱ्या वस्तूवर जाते, हा मनुष्यस्वभावच आहे.

म्हणून विनंती एवढीच : शहरात नवे स्मारक उभारण्याची चर्चा निघाली की शिखरावर काय ठेवायचे हे ठरवण्याआधी पायथ्याच्या दगडावर नावे कोणाची कोरायची ते ठरवावे. खांब उंच करणे सोपे असते. यादी पुरी करायला मात्र मन मोठे लागते.