दूध एकजीव करणाऱ्या यंत्राची निवड

माळशिरस तालुक्यात नीरेच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसाच्या वाढ्यांवर जनावरे पोसली गेली. अकलूज येथे शिवामृतसारखा सहकारी दूध संघ उभा आहे. अशा मुलखात नवी दुग्धशाळा काढताना किंवा जुनी वाढविताना होमोजिनायझर, म्हणजे दूध एकजीव करणारे यंत्र, घ्यावे की नाही आणि घ्यावयाचे तर केवढे, हा प्रश्न सभासदांपुढे येतोच. यंत्राची किंमत अखेर दुधाच्या भावातूनच वळती व्हावयाची असल्यामुळे, हा प्रश्न केवळ विक्रेत्याच्या शिफारशीवर सोपविणे हिताचे नाही.

या यंत्राचे पेटंट फ्रान्समधील ओगुस्त गोलँ याने 1899 साली घेतले. सुमारे 60 ते 70 अंश सेंटिग्रेड तापलेले दूध मोठ्या दाबाने झडपेच्या अरुंद फटीतून काढले, म्हणजे स्निग्धांशाचे कण फुटून इतके बारीक होतात की ते वर येऊन साय धरीत नाहीत. म्हशीच्या दुधातील कण गाईच्या दुधातील कणांहून मोठे असल्याने तेथे हा फरक विशेष दिसतो. पिशवीतील दूध शेवटपर्यंत सारखे राहते व दही घट्ट लागते.

परंतु हाच गुण अन्यत्र दोष ठरतो. एकजीव झालेल्या दुधातून मलई नीट वेगळी होत नाही; म्हणून लोणी-तुपास ते निरुपयोगी होय. पनीरही मऊ पडते. सबब सर्वच दूध या यंत्रातून काढण्याचा हव्यास धरू नये.

आमच्या मते मध्यम दुग्धशाळेने केवळ मलईच एकजीव करण्याची पद्धत स्वीकारावी. तासास 5000 लिटर दूध 200 किलोग्रॅम दाबाने काढावयाचे तर सुमारे 45 अश्वशक्तीची मोटर लागते व आठ तासांत 250 युनिटांच्या आसपास वीज जाते. त्याऐवजी 3 टक्के स्निग्धांशाच्या टोन्ड दुधासाठी 12 टक्क्यांची मलई काढून तेवढीच एकजीव केली व निरशा दुधात मिसळली, तर यंत्रातून चौथाच हिस्सा जातो. यंत्र लहान पुरते आणि वीजही त्याच मानाने वाचते. मात्र 6 टक्क्यांच्या दुधास निम्मा हिस्सा जात असल्याने बचत कमी होते, हे हिशेबात धरावे. मलई 18 टक्क्यांहून दाट घेऊ नये; घेतल्यास कण पुन्हा एकमेकांस चिकटतात.

यंत्र दोन टप्प्यांचे असावे. दुसऱ्या टप्प्याच्या कमी दाबाने चिकटलेले कण सुटे होतात. यंत्राचा पंप ठरावीक माप ओढीत असल्याने त्याची क्षमता पाश्चरीकरण यंत्राशी जुळलीच पाहिजे. एकजीव केलेले कच्चे दूध लागलीच पाश्चराइज न केल्यास लवकर खवट होते. झडपा व पिस्टनची पॅकिंगे झिजणारी असल्याने, सुटे भाग जवळच्या शहरात मिळतील अशी लेखी हमी घ्यावी.

पैसे चुकते करण्यापूर्वी कसोटीही घ्यावी. एक लिटरच्या बाटलीत दूध थंड जागी 48 तास न हलविता ठेवावे. वरच्या 100 मिलिलिटरातील स्निग्धांश व उरलेल्या दुधातील स्निग्धांश यांत दहा टक्क्यांहून अधिक फरक नसावा.

आपल्या दुधापैकी किती पिशवीत व दह्यात जाते आणि किती तुपात, हे आकडे सभासदांनी सर्वसाधारण सभेत प्रथम मागावे. यंत्राचा आकार त्यावरूनच ठरावा, विक्रेत्याच्या दरपत्रकावरून नव्हे.