चिमुकल्या हातांनाही काम हवं!

घटस्थापना झाली की आपल्या घरांची घडीच बदलते. माळ्यावरची भांडी खाली येतात, चादरी-गोधड्या धुवायला निघतात आणि दसरा होतो न होतो तोच फराळाच्या याद्या सुरू होतात. या धामधुमीत घरातलं एक माणूस मात्र सारखं पायात पायात येत असतं. वय वर्षं दीड ते तीन! त्याला बाजूला कसं ठेवायचं, हा घरोघरच्या आयांना आणि आज्यांना पडलेला प्रश्न. अलीकडे त्याचं एकच उत्तर निघालंय, मोबाइल. एक गाणं लावून दिलं की बाळ तासभर जागचं हलत नाही. घर शांत, आई मोकळी.

पण मैत्रिणींनो, बाळ जागचं हलत नाही, हीच तर काळजीची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी काही सूचना दिल्या. एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, दोन वर्षांनंतरही रोज तासाभराहून जास्त नको, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हायला हवी, असं त्यात सांगितलंय. आता तीन तासांची हालचाल कुठून आणायची? माझं म्हणणं असं की ती आणावी लागतच नाही. अश्विन-कार्तिकातलं आपलं घर म्हणजे ती भरलेली शाळाच आहे. आपण फक्त मुलाला तिच्यातून बाहेर काढू नये.

सामाजिक कामाच्या निमित्ताने माझं घरोघरी जाणं होतं. ‘ताई, आम्हाला कुठला वेळ मुलांशी खेळायला? आणि ती महागडी खेळणी आणायची कुठून?’ हे वाक्य मी कितीदा तरी ऐकलंय. अशा वेळी मला ताराबाई मोडक आठवतात. 1945 मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे अनुताई वाघांना बरोबर घेऊन त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. शहरातली महाग साधनं तिथे परवडणारी नव्हती. मग पानं, फुलं, बिया, खडे, शिंपले हीच साधनं झाली. जे त्यांना पाड्यावर जमलं, ते आपल्याला आपल्या स्वयंपाकघरात का जमू नये?

चित्रांच्या पुस्तकात शरद ऋतू म्हटलं की लालपिवळी गळलेली पानं असतात. ती थंड देशांची. आपल्याकडे पानगळ शिशिरात. आपला शरद म्हणजे झेंडू, नवं धान्य, भुईमुगाच्या शेंगा, ऑक्टोबरचं कडक ऊन आणि कोजागिरीचा चंद्र. खेळही त्यातूनच काढू या.

घटाखालच्या मातीत धान्य पेराल, तेव्हा एका वाटीत चार दाणे बाळाच्या हाताने पेरून घ्या. रोज चमचाभर पाणी त्यानेच घालायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंकुर दिसला की त्याचा चेहरा बघा!

दसऱ्याच्या झेंडूचे हार करताना पिवळी फुलं एका टोपलीत, केशरी दुसऱ्या टोपलीत टाकायला सांगा. चुकलं तर चुकू द्या. उरलेल्या फुलांच्या पाकळ्या सुट्या करणं हा तर त्यांचा आवडता उद्योग.

आकाशकंदील घरी करत असाल, तर रंगीत कागदाचे तुकडे फाडायचं काम त्यालाच द्या. कात्री नको, बोटांनीच. कणकेची खळ करून ते तुकडे चिकटवू द्या. उद्या ज्या बोटांनी पेन्सिल धरायची, त्यांना आज हाच व्यायाम पुरतो.

दुपारचं ऊन कलल्यावर तांब्याभर पाणी आणि एक जुना ब्रश देऊन अंगणातली भिंत ‘रंगवायला’ सांगा. ऊन्हाने तापलेली भिंत लगेच वाळते, की पुन्हा नवा रंग! या खेळाला पैसा लागत नाही आणि मागे पसाराही राहत नाही.

भोंडल्यात मोठ्या मुलींच्या फेरात त्याला हात धरून फिरवा. मोठी भावंडं किल्ला करायला बसली की ओल्या मातीचा एक गोळा त्याच्यासाठी वेगळा काढून ठेवा, म्हणजे किल्ल्याचा बुरूज शाबूत राहील. कोजागिरीला गच्चीत त्याची सावली त्याला दाखवा. आणि चकल्या करताना पिठाची एक छोटी गोळी तुमच्याबरोबर त्याच्या हातातही असू द्या.

हे करताना तोंडाने बोलत राहा. ‘हे पिवळं, ते केशरी, माती गार, भिंत गरम.’ मुलं भाषा शिकतात ती त्यांच्याशी बोलणाऱ्या माणसाकडून. मोबाइल बोलतो खूप, पण बाळाच्या बोबड्या प्रश्नाला उत्तर देत नाही.

थोडी सावधगिरी मात्र हवीच. भुईमुगाच्या शेंगा टोपलीतून डब्यात भरायला द्या, पण अख्खा दाणा तोंडात जाऊ देऊ नका. तो श्वासनलिकेत अडकू शकतो. पाण्याने भरलेली बादली आणि मूल यांना एकटं कधीच सोडू नका. थोडंसं पाणीही या वयात जिवावर बेतू शकतं. रांगोळीची पूड डोळ्यांत जाते, त्याऐवजी तांदळाचं पीठ द्या. तळणाच्या कढईपासून, पणत्यांपासून आणि फटाक्यांपासून लांबच ठेवा. मातीत खेळून झालं की साबणाने हात धुणं हाही खेळाचाच भाग.

आणि हो, एका कामात ते पाच-सात मिनिटंच रमेल. त्याहून जास्तीची अपेक्षा नको. पसाराही होईल. इथे सासूबाईंना आणि घरातल्या पुरुषमंडळींना एक विनंती आहे. सांडलेलं पीठ बघून सुनेला बोल लावू नका. पोराला सांभाळणं हे एकट्या आईचं काम नाही. आजोबांनी झेंडू निवडायला बसवावं, बाबांनी संध्याकाळी भिंत रंगवायला न्यावं. फराळ आईने करायचा, घर आईने आवरायचं आणि मुलालाही आईनेच रमवायचं, असा हिशेब असला तर मोबाइल हातात जाणारच. त्याचा दोष मग तिच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

यंदा फराळाचा एखादा जिन्नस कमी झाला तरी चालेल. दिवाळीला घर चकाचक दिसणं मोठं, की त्या घरातलं मूल हसतं-बोलतं असणं मोठं, हे एकदा सगळ्यांनी मिळून ठरवू या.